शेजारधर्म आणि नगररचना : नवी मुंबईतील धर्मसमाजांचे सार्वजनिक काम

नवी मुंबईचे धार्मिक जीवन दोन वेगवेगळ्या काळांत घडले आहे. पहिला काळ सिडको या नगरविकास महामंडळाच्या आधीचा. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. त्या गावांत आगरी-कोळ्यांच्या गावदेव्या होत्या, मारुतीची देवळे होती, जत्रांचे ठरलेले दिवस होते. पनवेलसारख्या जुन्या व्यापारी गावात मशिदी, देवळे आणि सिनेगॉग शतकाहून अधिक काळ एकाच वस्तीत नांदत होते. दुसरा काळ १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाल्यानंतर सुरू झाला. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राची आखणी झाली, १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला, वाशी हा पहिला नोड, म्हणजे नियोजित उपनगर, वसला आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसे आली. केरळ, तामिळनाडू, पंजाब, गुजरात, उत्तर प्रदेश, घाटमाथा आणि मराठवाडा इथून आलेल्या या कुटुंबांनी आपापले देव, सण आणि प्रार्थनेच्या रीती सोबत आणल्या.

या दोन काळांच्या मिश्रणातून धर्मसमाजांच्या परस्पर सहकार्याची एक व्यवहारी रीत तयार झाली. तत्त्वज्ञानावरच्या परिषदा इथे क्वचितच होतात. जमीन, शाळा, अन्न, रक्त, स्वच्छता आणि सणांचे दिवस या रोजच्या गोष्टींतून सहकार्य घडते. त्याचे यशापयशही याच गोष्टींत मोजावे लागते.

पनवेलचा जुना वारसा

नव्या शहराच्या दक्षिणेला असलेल्या पनवेलमध्ये बेथ-एल सिनेगॉग आहे. ते १८४९ मध्ये बांधले गेले. बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटल्यानंतर अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांत ते विखुरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते घाण्याला बैल जुंपत नसत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी ही त्यांची घरची भाषा झाली आणि गावांवरून पनवेलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे पडली. पनवेलच्या तलावांपैकी एक आजही ‘इस्रायल तलाव’ या नावाने ओळखला जातो.

या समाजाचा ‘मलिदा’ हा विधी कोकणच्या मातीतला आहे. ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा आणि वर फळे मांडतात. प्रेषित एलियाहूचे स्मरण करून आशीर्वाद म्हणतात आणि मग प्रसाद वाटतात. प्रार्थना हिब्रू, पण ताट कोणत्याही कोकणी घरातले वाटावे असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायलांनी मराठी कीर्तनाचा साज घेऊन बायबलमधल्या कथाही रंगवल्या. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. मागे राहिलेल्या समाजाला महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

महाराष्ट्राच्या इतर भागांतही अशा सहवासाचे जुने दाखले आहेत. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे पहिली आरती होते. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात गोटखिंडी गावी १९८० पासून गणपतीची स्थापना मशिदीत होते. गणेशोत्सव आणि बकरी ईद एकत्र आली त्या वर्षी गावातल्या मुस्लिमांनी कुर्बानी दिली नाही, फक्त नमाज अदा केली. असे निर्णय गावानेच गावासाठी घेतलेले असतात आणि म्हणून ते टिकतात.

जमीन आणि कायदा

जुन्या गावात देऊळ किंवा मशीद हळूहळू उभी राहते. आखीव शहरात त्यासाठी भूखंड लागतो. नवी मुंबईत जमिनीची मालकी सिडकोकडे असल्याने देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार यांच्यासाठी विश्वस्त संस्थांना सिडकोकडून भाडेपट्ट्याने भूखंड घ्यावे लागले. त्यामुळे वाशी, नेरूळ, बेलापूर अशा नोडांत अय्यप्पा मंदिर, गुरुद्वारा, चर्च आणि मशीद एकमेकांपासून काही सेक्टरांच्या अंतरावर दिसतात. एका धर्माची एकच वस्ती, असा प्रकार या शहरात तुलनेने कमी आहे, कारण घरांचे वाटप उत्पन्नगटांनुसार झाले.

या संस्थांना जोडणारा कायदेशीर धागा म्हणजे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. त्यातल्या व्याख्येत देऊळ, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग आणि अग्यारी यांची नावे एकाच ओळीत येतात. वक्फसाठी पुढे स्वतंत्र कायदा झाला. बाकीच्या धर्मादाय संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करतात, हिशेब देतात आणि विश्वस्त बदलल्यास कळवतात. याच कायद्याच्या ४१ अअ कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना मंजूर केली. तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. संस्था कोणत्या धर्माची आहे आणि रुग्ण कोणत्या धर्माचा आहे, याचा इथे संबंध येत नाही.

गावठाणांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जमीन संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. त्यातली पावणेचार टक्के जमीन सामाजिक सुविधांसाठी वळती होते. शेतात, बांधावर किंवा खाडीकाठी असलेली आपली जुनी दैवतस्थाने याच हिशेबात नियमित करावीत, ही ग्रामस्थांची मागणी आहे. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा आदेश दिला. त्यानंतर नवी मुंबईत अनेक बांधकामांवर कारवाई झाली. पावणे येथील एमआयडीसीच्या जमिनीवरचे बावखळेश्वर मंदिर नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आले. जुने ग्रामदैवत आणि नंतर झालेले अतिक्रमण यांतला फरक कागदपत्रांनी ठरवावा लागतो. ते काम वेळेवर आणि सर्व धर्मांना एकाच मापाने झाले, तरच लोकांचा विश्वास बसतो.

शाळा-महाविद्यालयांची भागीदारी

धर्मसमाजांचे सर्वात मोठे सार्वजनिक काम शिक्षणात आहे. वाशीतले फादर अ‍ॅग्नेल संकुल हे त्याचे ठळक उदाहरण. गोव्यात हणजुण्याला जन्मलेले आणि पिलारच्या मठाशी जोडलेले धर्मगुरू आग्नेलो डिसोझा यांचे नाव या संस्थांना दिले आहे. वांद्र्याला अनाथ मुलांच्या आश्रमापासून सुरू झालेले हे काम तंत्रशिक्षणाकडे वळले. वाशीत शाळा, क्रीडासंकुल आणि १९९४ पासून फादर सी. रॉड्रिग्ज तंत्रज्ञान संस्था हे अभियांत्रिकी महाविद्यालय असा त्याचा विस्तार झाला. इथे शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत.

नवीन पनवेलमध्ये अंजुमन-इ-इस्लामचे काळसेकर तंत्रशिक्षण संकुल आहे. मूळ संस्था १८७४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवणारे बद्रुद्दीन तय्यबजी तिच्या संस्थापकांपैकी होते. २०११ मध्ये सुरू झालेल्या या संकुलात अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि वास्तुकला शिकवली जाते. मुस्लिम मुलामुलींना, विशेषतः घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणाऱ्यांना, व्यावसायिक शिक्षण जवळ मिळावे हा संस्थेचा हेतू आहे. वर्ग मात्र सर्वांना खुले आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय १९७९ पासून वाशीत आहे. भाऊराव जन्माने जैन. त्यांनी साताऱ्याला काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. धर्मभावना आणि सामाजिक समता यांची सांगड घालण्याची महाराष्ट्राची रीत या वसतिगृहात पाहायला मिळाली.

नेरूळच्या टेकडीवर श्री नारायण मंदिर समितीचे गुरुदेवगिरी हे संकुल आहे. केरळमधले समाजसुधारक नारायण गुरू यांनी १९२४ मध्ये आलुवा येथील अद्वैत आश्रमात सर्वधर्म परिषद भरवली. वादात जिंकण्यासाठी एकत्र यायचे नाही, जाणून घेण्यासाठी आणि समजावून देण्यासाठी यायचे, ही त्या परिषदेची भूमिका होती. त्यांचे मलयाळी अनुयायी मुंबई परिसरात शाळा आणि महाविद्यालयही चालवतात.

ऐरोलीत नवी मुंबई महापालिकेने उभारलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकही याच मालिकेत मोडते. तिथे पुतळ्यापेक्षा ग्रंथालयावर भर आहे. १४ एप्रिलला मिरवणुकीच्या जोडीने सलग अठरा तास अभ्यास करण्याची प्रथा महाराष्ट्रभर बौद्ध आणि आंबेडकरी तरुणांनी रुजवली. आता त्या अभ्यासिकांत सगळ्या समाजांची मुले बसतात.

अन्न, रक्त आणि स्वच्छता

मुंबईच्या कर्नाक बंदरातला लोखंड-पोलाद बाजार कळंबोलीला हलला आणि त्याच्याबरोबर ट्रक-वाहतुकीच्या धंद्यातली पंजाबी माणसेही आली. वाशी, नेरूळ, बेलापूर, कळंबोली, खारघर अशा ठिकाणी गुरुद्वारे उभे राहिले. लंगरची व्यवस्था साधी आणि पक्की असते. येणारा डोके झाकतो, पादत्राणे सेवादारांकडे देतो, हातपाय धुतो आणि जमिनीवर पंगतीत बसतो. आत कोणी कांदे चिरत असतो, कोणी कणीक मळत असतो, कोणी मोठ्या पातेल्यातली डाळ ढवळत असतो. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. जेवणाऱ्याला नाव, जात किंवा धर्म विचारला जात नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, हॉटेले बंद झाली आणि हातावर पोट असलेले मजूर अडकले, तेव्हा हीच व्यवस्था वस्त्यांपर्यंत गेली. रोज शेकडो लोकांचा स्वयंपाक करण्याची भांडी, शेगड्या आणि हात आधीपासून तयार होते. देवळे, मशिदी आणि चर्चच्या मंडळांनीही शिधा आणि तयार जेवण पोहोचवले. संकटात उपयोगी पडणारी यंत्रणा नेहमीच्या दिवसांत घडलेली असावी लागते, हे त्या महिन्यांत दिसले.

रक्तदानाचा संबंध ऋतूशी आहे. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयांना सुट्टी लागते, माणसे गावी जातात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. रक्तपेशी पाच ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकवता येत नाहीत, म्हणून हिवाळ्यातला साठा उन्हाळ्यात पुरत नाही. संत निरंकारी मिशन १९८६ पासून रक्तदान शिबिरे घेते आणि २४ एप्रिलच्या मानव एकता दिवशी देशभर मोठी शिबिरे होतात. गणेशोत्सव मंडळे भाद्रपदात, तर काही शिया संघटना मोहरममध्ये शिबिरे भरवतात. वेगवेगळ्या पंचांगांमुळे रक्ताचा पुरवठा वर्षभर विभागला जातो. पिशवीवर रक्तगट लिहितात, दात्याचा धर्म नव्हे.

रायगड आणि नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावांत रेवदंड्याच्या धर्माधिकारी कुटुंबाच्या श्रीसमर्थ बैठकांचा मोठा प्रभाव आहे. नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये या निरूपणाची सुरुवात केली. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानचे ‘श्रीसदस्य’ शहरांत स्वच्छता मोहिमा, वृक्षलागवड आणि विसर्जनस्थळी निर्माल्य गोळा करण्याचे काम करतात. निर्माल्यातले कापड, प्लास्टिक आणि थर्माकोल वेगळे काढले जाते. फुलापानांचे खत करून ते लावलेल्या झाडांना घातले जाते. महापालिकेचे निर्माल्य कलश आणि कृत्रिम तलाव यांना अशा शिस्तबद्ध मनुष्यबळाची जोड मिळते, तेव्हा खाडी आणि तलाव वाचतात.

सणांचे गणित

सार्वजनिक जीवनात सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे दोन धर्मांच्या मोठ्या मिरवणुका एकाच दिवशी येणे. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी बैठक घेऊन मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले. शासनाने २९ सप्टेंबरला सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये जुलूस १८ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये ८ सप्टेंबरला निघाला. राज्यातल्या इतर काही शहरांतही असाच निर्णय झाला.

हा योग का येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि साधारण ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे दर वर्षी ईद इंग्रजी तारखेने सुमारे ११ दिवस अलीकडे येते. हिंदू पंचांगही चंद्राचेच महिने मोजते, पण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ साधते. हिजरी महिना चंद्रदर्शनाने, म्हणजे अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सुरू होतो. म्हणून बारावा दिवस शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडतो. रबीउल अव्वल आणि भाद्रपद हे महिने जुळले की ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी लागून येणारच. अधिक महिना येईपर्यंत, म्हणजे सलग दोन-तीन वर्षे, हा योग राहतो आणि साधारण ३२-३३ वर्षांनी परत येतो. आषाढी एकादशी आणि बकरी ईद २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला एकत्र आल्या, त्यामागेही हेच गणित आहे. त्या दोन्ही वर्षी अनेक गावांतल्या मुस्लिम बांधवांनी एकादशीला कुर्बानी न देण्याचे स्वतःहून ठरवले.

या निर्णयांची किंमत खरी असते. एका समाजाने आपल्या सणाची मिरवणूक पुढे ढकलायची, ही मोठी गोष्ट आहे. म्हणून तिची दखल जाहीरपणे घेतली गेली पाहिजे आणि पुढच्या वेळी समजूतदारपणाची पाळी आपलीही असू शकते, हे दुसऱ्या समाजाने लक्षात ठेवले पाहिजे.

समित्या आणि संवाद

सणांआधी प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे कार्यकर्ते, मशिदींचे विश्वस्त, महापालिका आणि वीज कंपनीचे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात. मिरवणुकीचा मार्ग, नमाजाच्या वेळी वाद्ये कुठे थांबवायची, लोंबणाऱ्या तारा, खड्डे, रात्री दहाची ध्वनिमर्यादा असे विषय तिथे निघतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा भोंगा, डीजे आणि ढोलपथक या सगळ्यांना सारखीच लागू आहे.

या बैठका नुसत्या सणापुरत्या राहिल्या तर त्यांचा उपयोग थोडा. शेजारच्या भिवंडीने हे दाखवून दिले. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. मोहल्ल्यातल्या दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांना त्यांत घेतले. नळ, गटार, शेजाऱ्यांची भांडणे असे प्रश्न वर्षभर तिथे सुटू लागले. पोलीस शिपाई आणि नागरिक एकमेकांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समितीची चळवळ उभी राहिली.

संवादाची दुसरी रीत म्हणजे एकमेकांची प्रार्थनास्थळे आतून पाहणे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत ‘मस्जिद परिचय’ कार्यक्रम होतात. वजू कशासाठी, अजानचा अर्थ काय, नमाजाची दिशा कशी ठरते, असे प्रश्न शेजारी मोकळेपणाने विचारतात. कॅथॉलिक चर्चनेही १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेतून, इतर धर्मांशी आदराने संवाद साधण्याची भूमिका घेतली. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये फेब्रुवारीचा पहिला आठवडा आंतरधर्मीय सलोख्यासाठी जाहीर केला. गणपतीच्या दिवसांत, ईदला किंवा नाताळात शेजाऱ्याच्या घरी जाण्याची मराठी रीत या सगळ्याहून जुनी आहे.

ताण आणि मर्यादा

या चित्राला उणी बाजूही आहे. धर्म पाहून घर भाड्याने न देणे किंवा सोसायटीत सदस्य म्हणून न घेणे, असे प्रकार मुंबई महानगरात घडतात. शेजारच नाकारला तर शेजारधर्माला जागाच उरत नाही. वाढत्या वस्तीला दफनभूमी आणि स्मशाने कमी पडतात. समाजमाध्यमांवरची एखादी अफवा तासाभरात पसरते, तर तिचा खुलासा पोहोचायला दिवस लागतो.

मोठ्या धार्मिक मेळाव्यांनी सार्वजनिक सुरक्षिततेचे भानही ठेवावे लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर राज्य सरकारच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात लाखो श्रीसदस्य भर उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. श्रद्धेने आलेल्या माणसांच्या सावलीची, पाण्याची आणि वेळेची जबाबदारी आयोजकांवर असते.

धर्मसमाजांचे सार्वजनिक काम कशावर टिकते, याची तीन सूत्रे नवी मुंबईच्या अनुभवातून निघतात. सेवा सर्वांसाठी खुली हवी. कायदा सर्वांना सारखा लावला गेला पाहिजे. आणि वादाचे विषय रस्त्यावर येण्याआधी बैठकीत आले पाहिजेत. पहिले सूत्र संस्थांच्या हाती आहे, दुसरे प्रशासनाच्या, तिसरे नागरिकांच्या. यातले एक जरी ढिले पडले, तरी उरलेल्या दोन्हींवरचा भार वाढतो.